वरच्या पट्टीचे स्क्रू

अभय कित्येक महिन्यांनी जहाजावरून घरी परतला आणि पायातले बूट काढायच्या आतच त्याला ती पेटी दिसली.

पेटी म्हणजे काही लहानसहान प्रकरण नव्हतं. सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हॉल तो केवढा! त्यातला सोफा खिडकीपाशी रेटून, त्याच्या जागी माणूस पाय ताणून झोपेल एवढी लांब आणि कमरेइतकी उंच लाकडी पेटी भिंतीला टेकून बसली होती. समोर दोन सरकत्या काचा. डावीकडच्या फळीला अगदी तळाशी गोल भोकांची रांग, उजवीकडच्या फळीला तशीच रांग वर छताजवळ. आत दिव्याची जागा केलेली आणि दिव्याभोवती तारेची जाळी. लाकूड असं चकचकीत की त्यात अभयला स्वतःचे बूट दिसले.

"हे काय आणलंयस?"

"आधी हातपाय धू, चहा घे," त्याची बायको मधुवंती म्हणाली. पण तिलाच धीर नव्हता. तो बाथरूममधून बाहेर येईपर्यंत ती पेटीजवळच उभी होती. "काय आहे ते रविवारी सांगते. रविवारी दुपारी मोकळा राहा. पण एक ओळख बघू. ही केली असेल कोणी?"

आता अभयला असला प्रश्न विचारणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. तो चीफ इंजिनियर. जहाजाच्या पोटातलं सगळं यंत्र त्याच्या ताब्यात, आणि त्याचा संशयही त्या यंत्रांइतकाच चोवीस तास चालू. इंधन भरताना पुरवठादार तेलात हवा घुसळून माप फुगवतात हे तो तरुणपणी एकदा अनुभवून बसला होता. तेव्हापासून मीटर काय सांगतो, माणूस काय सांगतो, यावर त्याने विश्वास ठेवला नाही. नाव अभय, पण भ्यायचा दोन गोष्टींना: सापाला आणि फसवलं जाण्याला. पहिली भीती त्याने कुणाला कळू दिली नव्हती. दुसरीला तो अनुभव म्हणायचा.

चहाचा कप हातात घेऊन त्याने पेटीची तपासणी सुरू केली. सांध्यांत सिलिकॉन भरलेलं, एकसारखं, कुठे ओघळ नाही. हवा एका बाजूने खालून आत यावी आणि दुसऱ्या बाजूने वरून निघून जावी, ही तर थेट इंजिनरूमची रीत. दिव्याच्या वायरला दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधलेली. आणि मग त्याला स्क्रू दिसले. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या लाकडावर गेलेली एक बारीक पांढरी रेघ.

ती रेघ बघून त्याचा कप ओठांपाशीच थांबला. जहाजावर सगळं सतत थरथरत असतं. नट-बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवायची. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ मोडते आणि लांबूनही कळतं की हा सैल झाला. अभयच्या हाताखाली ही रेघ न ओढणाऱ्याची धडगत नसे. पोरांना त्याने शिव्या घालघालून ती सवय लावली होती. जमिनीवरचा सुतार कशाला मरायला असली रेघ ओढतोय?

"जहाजावरच्या माणसाने केलीय," तो म्हणाला.

मधुवंतीचा चेहरा एकदम खुलला. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. "बरोब्बर! म्हणजे, जहाजावरचाच म्हणायला हवा. अजून?"

"अजून काय?"

"नाव सांग ना."

त्याने नाव सांगितलं नाही. सेहेचाळीस वर्षांच्या बायकोचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या कारागिरीवर असा का खुलावा, हे त्याला कळेना, आणि इथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

खरं तर नाव त्याच्या समोरच उभं होतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मधुवंती त्याच्याबरोबर जहाजावर राहिली होती. अधिकाऱ्यांच्या बायकांना तशी मुभा असते. बाकीच्या बायका केबिनमध्ये पत्ते खेळायच्या, ही इंजिनच्या कंट्रोल रूममध्ये कोपऱ्यात विणकाम घेऊन बसायची आणि बघत राहायची. लेक किमया झाल्यावर ते थांबलं. मग सिंगापूर आलं, नवऱ्याच्या नोकरीवर राहण्याचा तिचा डिपेंडंट पास आला आणि त्याच्याबरोबर अभयचं पालुपद आलं: "इथे कायम राहायचा पीआरचा अर्ज पडलाय, तू उगाच कशात हात घालू नकोस." घरात खिळा ठोकायला तिने हातोडी घेतली तरी हा हसून ती काढून घ्यायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. पण संशयी माणसाला वळसाच आवडतो, त्याला काय करणार?

रात्री जेवताना त्याने मोर्चा लेकीकडे वळवला. किमया तेरा वर्षांची, कानात सदैव इअरफोन.

"किमे, ती पेटी कशासाठी गं?"

किमयाने आईकडे पाहिलं, आईने डोळे वटारले. पोरीला उलट जोरच आला, ती आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "स्नेकसाठी लाह, बाबा. व्हेरी बिग वन."

"किमया! रविवारपर्यंत गप्प बसायचं ठरलंय ना आपलं?"

"सॉरी, सॉरी. बट ही आस्क व्हॉट."

अभय हसला. त्याला हसावंच लागलं, कारण टेबलाखाली त्याने दोन्ही पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर उचलून घेतले होते. साप! सिंगापूरमध्ये घरात साप पाळणं गुन्हा आहे, हे तर नव्याने आलेल्यालाही ठाऊक असतं. दंड, प्रसंगी तुरुंग, आणि पीआरच्या अर्जावर तर कायमचं पाणी. आणि ही बाई भाताला तूप वाढतेय!

तूप वाढणाऱ्या हाताच्या अंगठ्याला पट्टी होती. "काय लागलं?" त्याने विचारलं.

"काही नाही, चिरताना." तिने हात मागे घेतला. त्या तळव्याला पडलेले घट्टे त्याला दिसले नाहीत. पट्टी दिसली, आणि हात मागे घेतलेला दिसला.

त्या रात्री त्याने अंथरुणावर पडून सगळे सांधे जुळवले. जहाजावरचा माणूस. रेघ ओढणारा, म्हणजे आपल्याच हाताखाली शिकलेला. आणि सापांचा नाद असलेला. असा माणूस एकच होता: परेश. पूर्वी अभयच्या हाताखाली थर्ड इंजिनियर होता, आता जहाज सोडून हार्बरफ्रंटला कंपनीच्या ऑफिसात बसत होता. म्हणजे अभय समुद्रावर असायचा तेव्हा हा सिंगापुरात. गळ्यात भलामोठा अजगर घालून हसणाऱ्या परेशचा फोटो त्याने स्वतः पाहिला होता. दिवाळीला घरी आला की "वहिनी, तुमच्या चकल्या" करत स्वयंपाकघरातच घुटमळायचा. झालं! सुतावरून स्वर्ग गाठायला अभयला शिडी लागत नसे. परेशला साप पाळायचाय, स्वतःच्या काँडोत धाडस होत नाही, म्हणून तो आपल्या घरात आणून ठेवतोय, आणि आपली बायको त्याला साथ देतेय. का देतेय, या प्रश्नापाशी येऊन तो रोज थांबायचा. तिथून पुढचा विचार त्याला करवत नव्हता, आणि न करता झोपही येत नव्हती.

सरळ विचारलं असतं तर? तर ही गोष्टच घडली नसती. पण विचारलं तर समोरचा सावध होतो, हे त्याचं तत्त्व. तो नुसता बघत राहिला. मधुवंती फोन घेऊन बाल्कनीत जायची, हळू आवाजात इंग्रजीत बोलायची, "यस, यस, सण्डे" म्हणायची. परत आली की गुणगुणायची. एकदा तर येता येता पेटीच्या काचेवरून तिने मायेने हात फिरवला. असा हात तिने आपल्या खांद्यावरून शेवटचा कधी फिरवला होता, ते अभयला आठवेना, आणि त्याला रडू येईल असं वाटलं. चीफ इंजिनियर रडत नाहीत. ते उपाय करतात.

उपाय त्याला शुक्रवारी सुचला. मधुवंती किमयाच्या शाळेत गेली होती. हॉलमध्ये तो आणि पेटी, दोघेच. काचा ज्या दोन खाचेच्या पट्ट्यांतून सरकत होत्या, त्यांतली खालची पट्टी नुसतं वजन पेलत होती. काच उभी धरून ठेवण्याचं काम वरच्या पट्टीचं. ती पट्टी आतल्या बाजूने, छताला स्क्रू मारून बसवलेली होती. ती सैल झाली तर काच आज ना उद्या डगमगणार. डगमगली की मधुवंतीला ती करणाऱ्यालाच बोलवावं लागणार. आणि तो दारातून आत येईल तेव्हा अभय सोफ्यावर पेपर वाचत बसलेला असेल.

त्याने डोकं पेटीत घातलं. आत वार्निशचा जरासाही वास नव्हता, हे त्याला तेव्हाही जाणवलं. स्क्रूंची डोकी लाकडात खळगे करून बुडवलेली होती, प्रत्येकावर पांढरी रेघ. रेघा मोडल्या असत्या तर बनवणाऱ्याला लगेच कळलं असतं. म्हणून त्याने प्रत्येक स्क्रू पुरते दोन-तीन वेढे उलटा फिरवला आणि रेघ रेघेला भिडेल तिथेच थांबवला. एकही चुकला नाही. बाहेरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी. आयुष्यभर ज्या रेघेसाठी त्याने पोरांना झापलं, तिला त्याने त्या दिवशी खोटं बोलायला लावलं, आणि काम फत्ते झाल्यासारखे हात धुतले.

काच कुणाच्या अंगावर पडली तर, असा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला. "फार तर हातात येईल," असं म्हणून त्याने तो बाजूला सारला.

शनिवारी सकाळी त्याने परेशला फोन करून जेवायला बोलावलं. रविवारच्या आत त्याला जरा चाचपून बघावं, हा हेतू.

"आज?" मधुवंती हिरमुसली. "आज घरीच थांब ना."

"का? आज काही आहे का?"

"नाही, तसं काही नाही. जा तू. परेशभावजींना विचारलंय म्हणून सांग."

विचारलंय म्हणून सांग! अभय लिफ्टमध्ये उभा राहून ते वाक्य चघळत होता.

हार्बरफ्रंटच्या फूड कोर्टात परेश फिश सूपचा वाडगा घेऊन आला. तोच जुना परेश, पोट तेवढं पुढे आलेलं. अभयने हवापाण्याच्या, कंपनीच्या गप्पा मारल्या आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, सापांचा नाद अजून आहे का?"

परेश खो खो हसला. "सर, तो फोटो म्हणताय? एका बंदरावरच्या गारुड्याला पैसे देऊन काढलेला. फोटोत हसतोय, पण पाय लटपटत होते. मला कुठला नाद! सापवाले तर तुमच्या घरी."

"म्हणजे?"

परेशने चमचा खाली ठेवला. "अरेच्चा. अजून सांगितलं नाही का वहिनींनी? मग मी बोललोच नाही असं समजा."

"परेश, सांग."

हा आवाज परेशने इंजिनरूममध्ये पुष्कळ ऐकला होता. तो सांगू लागला. "लिम चू कांगकडे एक प्राणी वाचवणारी संस्था आहे, परवानगी असलेली. लोक चोरून अजगर पाळतात, मग तो मोठा झाला की घाबरतात, किंवा धाड पडते. ते साप तिथे येतात, परदेशी पाठवायची सोय होईपर्यंत राहतात. त्यांना ऐसपैस पेट्या लागतात. वहिनी तिथे जातात, मदत म्हणून. फुकट. मला फोन केला होता त्यांनी, वाळल्यावर अजिबात वास न राहणारं वार्निश कुठलं म्हणून. सापाला वास बाधतो म्हणे. मी विचारलं, सुतार कोण? तर म्हणाल्या, मीच."

"मीच?" अभयने विचारलं.

"चौथी पेटी आहे सर ही. पहिली दमट हवेने फुगली, दुसरीला बुरशी धरली, तिसरीत दिव्याला जाळी नव्हती म्हणून सापाला चटका बसेल अशी भीती. एकेक सुधारत नेलं त्यांनी. लाकूड दुकानातून कापून घ्यायचं, बाकी सगळं हाताने. फोटो पाठवलेत मला. ती रेघ बघितलीत का स्क्रूवरची? किमयाच्या पांढऱ्या नेलपॉलिशने ओढतात! मी पोट धरून हसलो. आम्हाला तुम्ही शिव्या देऊन शिकवलंत आणि वहिनींनी विणकाम करता करता उचललं. मला बजावलं होतं, त्यांना बोलू नका, रविवारी मी त्यांना तिकडे घेऊन जाणार आहे, पेटी लागताना बघू दे म्हणून... सर? कुठे निघालात?"

अभय उठला होता. फूड कोर्टाच्या गर्दीत, लोकांचे ट्रे चुकवत, त्याने घरी फोन लावला. पेटी तर उद्या जायची होती. उद्याच्या आत घरी पोचायचं, दहा मिनिटांत स्क्रू आवळायचे, कुणाला काही कळायचं नाही. फोन किमयाने उचलला.

"मम्मी गॉन ऑलरेडी. टुमॉरो लॉरी नो हॅव, सो टुडे दे केम. बॉक्स ऑल्सो गॉन."

"तू का नाही मला फोन केलास?"

"शी सेड डोन्ट डिस्टर्ब यू. बाबा, शी वॉज क्वाइट सॅड, यू नो. शी वॉण्टेड यू टु कम."

त्याने मधुवंतीला फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. ट्रेनमध्ये बसला, आउटरम पार्कला धावत गाडी बदलली, आणि तिथून पासिर रिसपर्यंतच्या लांबलचक वाटेवर मोबाइल हातात घेऊन मेसेज लिहीत राहिला. 'पेटीची वरची पट्टी तपासून घे.' पण ती विचारणार, तुला कसं कळलं? त्याने ते पुसलं. 'मी येईपर्यंत पेटी वापरू नको, मला जरा शंका आहे.' कसली शंका? पुसलं. 'पेटी छान झालीय, पण एकदा...' पुसलं. आपण काय केलं ते न सांगता तिला सावध करता येईल असं वाक्य तो शोधत होता. मोठमोठ्या कंपन्यांना झालेल्या बिघाडाचे अहवाल लिहून पाठवणारा माणूस, आणि त्याला एक वाक्य जमेना. एकेक स्टेशन मागे पडत होतं. पाया लेबार गेलं, बेडोक गेलं. तामपिनीसला शेवटी त्याने लिहिलं, 'काच उघडू नको.' आणि पाठवून दिलं. मेसेज पोचल्याची खूण आली. वाचल्याची आली नाही.

संध्याकाळी किल्लीचा आवाज झाला तेव्हा तो हॉलमध्ये, पेटीच्या रिकाम्या जागेसमोर बसला होता. मधुवंतीच्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत बँडेज होतं. कुडत्यावर रक्त वाळलेलं. किमया किंचाळली. तिने किमयाला जवळ घेतलं, "काही नाही गं, काच लागली, टाके पडलेत," असं म्हणून शांत केलं, खोलीत पाठवलं. मग आली आणि समोर बसली.

"साप काही वाईट नव्हता," ती म्हणाली. "बिचारा नव्या जागेत आला, चाचपत होता. नाक लावून काच ढकलली त्याने. ते तसं करतातच, म्हणून तर पट्टी आतून बसवली होती मी. पट्टी सुटली. काच बाहेर आली. मी हात पुढे केला."

"आणि साप?"

"सिंकखाली जाऊन बसला, घाबरून. त्याला काही झालं नाही." तिने बँडेजचा हात मांडीवर ठेवला. "अभय, निघायच्या आधी मी टॉर्च घेऊन एकेक रेघ बघितली होती. एकही मोडलेली नव्हती. आणि पट्टीचा प्रत्येक स्क्रू सैल होता. लॉरीच्या हादऱ्याने स्क्रू सैल होतो. पण नेमका रेघेवर येऊन थांबत नाही. सगळेच्या सगळे तर नाहीच नाही."

त्याने सगळं सांगितलं. परेश, फोटो, चकल्या, बाल्कनीतले फोन, सगळं. सांगताना त्यालाच ते इतकं पोकळ वाटायला लागलं की आवाज बारीक होत गेला. साप साप म्हणून भुई धोपटली होती त्याने, आणि सापानेही कुणाला काही केलं नव्हतं.

"परेशभावजी?" ती म्हणाली. तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन विरलं. "मी तुला ओळख म्हणत होते. मला वाटलं, रेघ बघशील आणि म्हणशील, मधू, ही तर माझी रेघ. एवढंच ऐकायचं होतं मला. म्हणून रविवारपर्यंत थांबले होते."

"माझं चुकलं."

"संशय घेतलास त्याचं वाईट वाटलं. पण तो तुझा स्वभाव आहे, तू तेलाच्या टाकीतही हात घालून बघतोस. ते मी गिळलं असतं." तिने मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "हा मेसेज आला तेव्हा डॉक्टर टाके घालत होते. परेशभावजींचा त्याच्या कितीतरी आधी आला होता, 'सर सगळं ऐकून धावत निघालेत, त्यांच्यापासून लपवू नका आता' म्हणून. म्हणजे ट्रेनमध्ये बसलास तेव्हा तुला सगळं माहीत होतं."

"मी लिहीत होतो. शब्द सापडत नव्हते."

"उघडू नको. दोन शब्द आहेत, अभय."

त्याने विचारलं, "तिथे काय सांगितलंस?"

"सांगितलं, माझी चूक. स्क्रू नीट आवळले नव्हते मी." तिने मोबाइल परत उचलला. "तिथल्या बाई फार चांगल्या आहेत. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, होतं असं, नवीन माणसाच्या हातून होतंच. मी नवीन नव्हते रे. चौथी पेटी होती माझी."

"मी उद्या जातो आणि खरं सांगतो त्यांना."

"काय सांगशील? नवऱ्याने बायकोवर पहारा ठेवला होता म्हणून? नको. माझ्या कामाचं नाव गेलं ते गेलं, निदान माझं घर तरी त्यांच्यासमोर उघडं पाडू नकोस."

ती उठून आत गेली. नंतरचे कित्येक दिवस ती नेहमीसारखी बोलत होती, जेवायला वाढत होती, किमयाच्या परीक्षेचं विचारत होती. भांडली असती तर अभयला बरं वाटलं असतं. भांडण मिटवता येतं.

टाके निघाल्यावर नव्या पेटीचं लाकूड आलं. संस्थेच्या बाईंनीच फोन करून सांगितलं होतं, नाउमेद होऊ नकोस, आणखी एक कर. मधुवंतीने फळ्या हॉलमध्ये मांडल्या. हात अजून पुरता वळत नव्हता. अभय पुढे झाला.

"मला दे काहीतरी. काय करू?"

तिने जरा विचार केला आणि पॉलिश पेपरचा तुकडा त्याच्या हातात दिला. जहाजावर नव्याने लागलेल्या पोरांना पहिल्या दिवशी देतात ते काम. "कडा घास. बोट फिरवलं तर कुसळ लागता कामा नये."

तो खाली बसला आणि घासू लागला. लाकडाचा भुसा त्याच्या मिशीवर बसत होता. अर्ध्या तासाने ती आली, फळीच्या कडेवरून बोट फिरवलं, "चांगलं झालंय" म्हणाली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, भुशाचं निमित्त करून त्याने ते पुसलं.

"मी मार्केटला जाऊन येते. कोथिंबीर संपलीय." तिने पिशवी घेतली, चपला घातल्या. दारातून ती परत फिरली. फळ्यांजवळ पडलेला स्क्रू ड्रायव्हर उचलला, पिशवीत टाकला आणि गेली.